विसरलेल्या वस्तूंचं टेबल

बाईंबद्दल लिहायचं तर आधी कबूल करायला हवं की मला त्यांची फारशी माहिती नाही. त्या मूळच्या कुठल्या, घरी कोण कोण होतं, शाळा सुटल्यावर त्यांचा वेळ कसा जायचा, यातलं मला काहीच धड सांगता येणार नाही. त्यांचं घरही मी रस्त्यावरूनच पाहिलेलं. आमचं बोलणं व्हायचं ते बहुतेक शाळेच्या फाटकाशी, आणि त्यातही त्या बोलायच्या आणि मी मान हलवायचो. बाई गेल्यावर शाळेने त्यांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा माझ्या नातीने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मी तिला फोनवर म्हटलं, अगं, मला पाकिटावर पत्ता लिहायचा तरी खाडाखोड होते. ती म्हणाली, मग खाडाखोडीसकट पाठवा. तेव्हा जमेल तसं लिहितो आहे.

सहावी ते आठवीच्या वर्गांना शाळेत सगळे मधली शाळा म्हणत, आणि बाई त्या मधल्या शाळेच्या प्रमुख होत्या. उंच, सडपातळ, पायात कापडी बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मुलं पाठीमागे त्यांना पट्टीबाई म्हणायची. पट्टीने मारायच्या म्हणून नव्हे, मारणं तिथे नव्हतंच. ताठ चालायच्या म्हणून. कुणीतरी एकदा फळ्यावर त्यांचं पट्टीसारखं चित्र काढलं होतं, अंगावर इंच आखून. बाई वर्गात आल्या, त्यांनी ते नीट निरखलं, खडू घेतला आणि डोक्यावर आणखी दोन इंच वाढवले. उंची कमी पडत होती, असं म्हणाल्या आणि धडा सुरू केला. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. पण मला ते खरं वाटतं.

माझी मुलगी इस्पितळात परिचारिका. जावई जहाजावर नोकरीला, घरी पाहुण्यासारखे यायचे. मुलीची बदली आमच्या गावात झाली तशी ती आपल्या लेकीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. नातीला आम्ही मुंगी म्हणायचो, कारण ती होतीच तेवढी आणि तिचा आवाजही कुणाला ऐकू यायचा नाही. त्याच्या आदल्या वर्षी ती फार आजारी होती. पाचवीचे निम्मे महिने तिने खाटेवर काढले होते. त्यामुळे सहावीत घेताना बाईंनी माझ्या मुलीला स्पष्ट सांगितलं की सहामाहीपर्यंत बघू. झेपलं तर सहावी, नाही झेपलं तर परत पाचवीच्या वर्गात बसेल, त्यात कमीपणा नाही. मुंगी शेजारीच उभी होती. घरी येताना तिने माझं बोट ओढलं आणि विचारलं, पाचवीतल्या मुली मला ताई म्हणतील का. तिचा सगळा घोर त्या एका शब्दात होता, आणि त्या दिवसापासून तो माझाही झाला.

वर्षाच्या सुरुवातीला पालकांची सभा असायची. मुलगी कामावर, म्हणून मी गेलो. आम्हा मोठ्यांना मुलांच्या बाकांवर बसवलं होतं आणि मुलं भिंतीला टेकून उभी होती. माझ्या पुढे पाव भाजणारा एक गृहस्थ बसला होता. तो बाकात असा काही अडकला की सभा संपल्यावर दोघांनी ओढून काढला. बाईंची एक पद्धत होती. नियम त्या स्वतः वाचत नसत. मुलांसाठीचे नियम पालकांनी उठून वाचायचे आणि पालकांसाठीचे मुलांनी. वाचणाऱ्याला ते लक्षात राहतात, असं त्यांचं म्हणणं. माझ्या वाट्याला आलं, वर्गात कुणी चुकलं तर हसू नये. तेवढं वाचताना मी दोनदा अडखळलो आणि कुणीही हसलं नाही, याचा अर्थ मुलांना नियम माहीत होता.

मुंगीच्या वाट्याला आलं ते असं: पालकांनी मुलांचं दप्तर भरू नये, आणि मूल काही विसरलं तर ते शाळेत आणून देऊ नये. तिचे ओठ हलले, एवढंच. बाईंनी विचारलं, मागच्यांना ऐकू आलं का. मागचे नाही म्हणाले. तिने परत वाचलं. परत नाही. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा बाई म्हणाल्या, मला आलं, आज एवढं पुरे.

पाववाल्याने हात वर केला. डबा विसरला तर काय करायचं, पोराने उपाशी बसायचं का. बाई म्हणाल्या, "डबा विसरला तर आम्ही जेवू घालू. इथे कुणी उपाशी राहत नाही. पण वहीवाचून कुणी गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही."

फाटकाच्या आत, व्हरांड्यात, एक लांब टेबल होतं. आईबापांनी धावत आणलेल्या वस्तू तिथे ठेवल्या जात आणि शाळा सुटेपर्यंत तिथेच राहत. वह्या, छत्र्या, रंगपेट्या. मुलं मधल्या सुट्टीत जवळून जायची, आपली वस्तू बघायची आणि पुढे व्हायची. पालक त्या टेबलाला नाना नावं ठेवायचे. त्यातलं एकही इथे लिहिण्यासारखं नाही.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण घोटाळा त्यातूनच झाला. काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात मी उभा जन्म माल बांधला. पेटी गाडीतून खाली आली, कुणी आपटली, तरी आतला कप फुटता कामा नये, एवढंच काय ते मला येतं. तर मुंगीचं दप्तर रोज मीच भरायचो. नियम ऐकल्यावरही भरत राहिलो, कारण मला वाटलं, नियम धडधाकट मुलांसाठी असतो. जड वह्या पाठीच्या बाजूला, पाण्याची बाटली फडक्यात, कंपासपेटीच्या कोपऱ्यांना कागदाच्या घड्या.

एके दिवशी बाईंनी वर्गात ते दप्तर वाटेतून बाजूला करायला उचललं आणि त्याचं वजन हाताने तोलत राहिल्या, खाली ठेवेचनात म्हणे. संध्याकाळी मला फाटकाशी थांबवलं. दप्तर टेबलावर पालथं करून एकेक वस्तू पाहिली, कागदाच्या घड्या उलगडल्या. मी त्या घड्या गोळा करत उभा. मग त्या म्हणाल्या की त्यांना घरची काचेची बरणी कुठे पाठवायची असती तर दुसऱ्या कुणाकडे दिलीच नसती.

"पण हे दप्तर आहे, आजोबा. आणि त्यात बरणी नाही."

मी कसंबसं म्हटलं की ती आजारी होती.

"होती ना?" त्या म्हणाल्या. आणि बाटलीचं फडकं सोडवत, "आज तुम्ही तिचं दप्तर भरता. उद्या तिच्या वतीने बोलाल. मग ती कधी बोलणार?"

घरी मुलीला हे सांगितलं तर ती हसून म्हणाली, बाबा, स्वतःच्या वतीने तुम्ही जन्मात कधी बोलला नाहीत, तिच्या वतीने बरे बोलता. लेकीचा टोमणा आणि बाईंचा नियम, दोन्ही एकाच दिवशी पदरात पडले.

मी दप्तराला हात लावणं सोडलं. आणि मुंगी विसरू लागली. आज चित्रकलेची वही, उद्या पट्टी, परवा भूगोलाच्या जागी विज्ञान. घरातल्या कोपऱ्यांत तिच्या राहिलेल्या वस्तू मला दिसायच्या आणि मी त्यांच्याकडे पाठ करून चहा प्यायचो. त्या दिवसांत मला बाईंचा फार राग आला होता. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मनातल्या मनात भांडायचो.

मग मुंगी सकाळी लवकर निघू लागली. का, ते सांगेना. एकदा फाटकाबाहेरून शिक्षकांच्या खोलीची खिडकी उघडी दिसली. आत टेबलाच्या एका बाजूला मुंगी आपलं दप्तर पालथं करत होती आणि दुसऱ्या बाजूला बाई स्वतःची पिशवी. त्या पिशवीतून काय काय पडत होतं हे मुंगीने मला नंतर सांगितलं, आणि शाळेतलं काही सांगताना ती पहिल्यांदाच हसली. खडूचे तुकडे, एका पायाचा मोजा, दुसऱ्या शिक्षकांची पेनं, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, चिरडलेलं बिस्कीट. आणि जे हवं ते नव्हतंच, हजेरीचा कागद घरी राहिला होता. दोघी रोज अशा आपापल्या पिशव्या रिकाम्या करायच्या आणि काय राहिलं ते एकमेकींना सांगून परत भरायच्या. जिचं जास्त राहिलं ती हरली. आधी आधी बाई हरायच्या, मुंगी म्हणाली. चष्मा गळ्यात असताना त्या चष्मा शोधायच्या.

म्हणजे सगळ्या शाळेला धाकात ठेवणाऱ्या बाई स्वतः पक्क्या विसरभोळ्या होत्या, आणि हे त्यांनी एका बारक्या मुलीला रोज सकाळी स्वतःहून दाखवलं. मला तर ते कधीच जमलं नसतं. मी माझा विसरभोळेपणा घरच्या मांजरापासूनही लपवतो. बाईंनी तिला सांगितलं होतं की त्यांची आई लहानपणापासून त्यांच्या मागे प्रत्येक वस्तू घेऊन धावायची, पार मोठ्या झाल्या तरी. आई वारल्या तेव्हा स्वतःच्या घराची किल्ली कुठे टांगलेली असते हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंच्या घरची मला कळलेली गोष्ट ही एवढीच, आणि तीही नातीच्या तोंडून.

सहामाही आली. भाषा झाली, विज्ञान झालं. भूमितीच्या दिवशी मुंगी गेली आणि मी अंथरुणं आवरायला लागलो तर खिडकीच्या कट्ट्यावर तिची कंपासपेटी. रात्री तिने पेन्सिलीला टोक केलं होतं आणि पेटी तिथेच राहिली होती. मुलगी रात्रपाळी करून झोपलेली. मी पेटी उचलली, ठेवली, परत उचलली. नियम मला तोंडपाठ होता. पण भूमितीच्या पेपरात कर्कटक नाही म्हणजे काय हे मलासुद्धा कळत होतं. सहावी त्या पेटीत होती. मी निघालो.

फाटकाशी माझ्या आधी एक आई पोचली होती. शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांची सून. तिचा मुलगा आठवीत, आणि तोही कंपासपेटीच विसरला होता. गाडी रस्त्यात तशीच उभी, दार उघडं. ती बाईंना सांगत होती की आजचा दिवस वेगळा आहे, परीक्षा आहे, रोजची वही नव्हे. बाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी शांतपणे टेबलाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात मी दिसलो. सुनेला आधार मिळाला. ती म्हणाली, हे बघा, हे आजोबासुद्धा आले आहेत, यांच्या नातीचं तर वर्ष जाईल, यांचं तरी ऐका. माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, बोला ना. आपण दोघांनी सांगितलं तर त्यांना ऐकावंच लागेल."

मी बोललो. एवढंच बोललो की बाई, ती पाचवीत जाईल.

"मला माहीत आहे, आजोबा," बाई म्हणाल्या. "विसरल्यावर काय करायचं तेही तिला शिकवलं आहे. करते का ते बघायचं."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण एका हाताने त्या चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, ते मी पाहिलं. त्यांनाही हे सोपं जात नव्हतं हे मला तेव्हा कळलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी अवस्था. माझी पेटी आत गेली असती तर दुसरीही गेली असती, आणि ज्यांच्या घरी धावत यायला कुणी नाही त्या मुलांची मात्र कधीच गेली नसती. हा विचार मला तिथेच सुचला असं सांगितलं तर ते खोटं होईल. तेव्हा मी फक्त त्या हाताकडे बघत होतो. मी पेटी टेबलावर ठेवली आणि बाजूला झालो. सून मला काहीतरी म्हणाली, ते ऐकण्यासारखं नव्हतं. तिनेही आपली पेटी आदळली आणि गाडीत बसून गेली.

मी घरी गेलो नाही. सहावीचा वर्ग फाटकाच्या बाजूलाच होता, खिडक्या उघड्या होत्या. कुंपणाशी उभा राहिलो. पेपर वाटण्याआधी वर्गातल्या शिक्षकांनी रोजच्यासारखं विचारलं की कुणाकडे काय नाही. पद्धत अशी होती की ज्याच्याकडे नाही त्याने उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं मागायचं. हळूच शेजाऱ्याला कोपरखळी मारून नाही. आणि ज्याला देता येईल त्याने द्यायचं.

बाकं सरकली. कुणीतरी शिंकलं. मला वाटलं, झालं. ती वर्तुळाच्या जागी जिलबीसारखं काहीतरी काढेल, पण उठायची नाही. माझीच नात ती. मी असतो तर उठलो नसतो.

मग कुणीतरी काहीतरी बोललं. शिक्षक म्हणाले, मागच्यांना ऐकू आलं नाही.

आणि मग ते रस्त्यापर्यंत आलं. "मी कंपासपेटी विसरले. तुमचं झालं की कुणी मला देईल का?"

तो आवाज मुंगीचा होता हे कळायला मला वेळ लागला, इतका तो मी कधी ऐकला नव्हता. कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीने म्हणे पेटी दोघींच्या मधे ठेवली, आणि एकीचं वर्तुळ होईपर्यंत दुसरीने आकडेमोड केली.

अध्यक्षांच्या नातवाने त्याच्या वर्गात कुणाकडे मागितलं नाही. हातानेच वर्तुळं काढली. त्यावरून पुढे बरंच झालं. बाईंना मंडळापुढे बोलावलं, आत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. टेबल जागेवर राहिलं. पण सगळ्या शाळेचं मुख्याध्यापकपद, जे पुढे त्यांच्याकडे येणार असं सगळे धरून चालले होते, ते दुसऱ्याच कुणाला मिळालं. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, मी सांगू शकत नाही. बाईंच्या चालण्यात मला फरक दिसला नाही. तो नातू मात्र नंतर सुधारला असं ऐकलं. आईने गाडी घेऊन यायचं सोडलं, एवढं मी स्वतः पाहिलं.

निकालाच्या दिवशी बाईंनी माझ्या मुलीला बोलावलं. गणितात कसेबसे आहेत, म्हणाल्या, भूगोलात त्याहून कसेबसे. मुंगीने डोळे मिटून घेतले होते. बाई म्हणाल्या, "पण ती सहावीत राहील. मार्क वाढवता येतात." मुंगी त्या दिवशी घरापर्यंत पळत गेली आणि आम्ही दोघं मागून.

एक गोष्ट मला बरेच दिवस सलत होती. ती आठवी पार करून निघाली त्या दिवशी धीर करून मी बाईंना विचारलं. म्हटलं, बाई, त्या दिवशी ती उठलीच नसती तर?

बाई लगेच म्हणाल्या, "तर मी पेटी नेऊन दिली असती. दोन्ही पेट्या हातात घेऊन मी तिच्या वर्गाच्या दाराबाहेरच उभी होते. मुलं मोठी झाली आहेत का हे बघायचं होतं, त्यांना बुडवायचं नव्हतं."

मी विचारलं, मग नियम?

"नियम मोडला असता. आणि दुसऱ्या दिवशी ते टेबल उचलून अडगळीच्या खोलीत टाकलं असतं. एकीसाठी मोडायचा तर सगळ्यांसाठी मोडायला हवा ना."

मी पुन्हा मान हलवली. त्या दिवशी कुंपणाच्या बाहेर मी उभा होतो आणि दाराच्या बाहेर त्या, आणि मला वाटत होतं की काळजी करणारा मी एकटाच आहे.

मुंगी पुढे शिकायला दूर गेली. तिचं सामान तिनेच भरलं. मी दाराशी बसून नुसता बघत होतो, तिने कप कपड्यांच्या मधे घातले नाहीत तरी बोललो नाही. एक फुटला, असं तिने पोचल्यावर कळवलं. मुलीची पुन्हा बदली झाली, तीही गेली. घरात मी उरलो.

बाई निवृत्त झाल्यावर कधीमधी बाजारात दिसायच्या. शेवटची भेटही तिथलीच. भाजीवाला त्यांचा जुना विद्यार्थी. माझा हात एका भोपळ्यावर होता आणि त्यांचाही त्याच्यावर. भाजीवाला म्हणाला, बाईंना भोपळा द्यायचं माझ्या नशिबात होतं तर, त्यांनी मला किती दिले. बाई म्हणाल्या, कमावले होतेस तू ते. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मुंगीची चौकशी केली. मी सांगितलं की खोलीत चार जणी आहेत आणि सगळ्यांत जास्त तीच बोलते, अशी तक्रार आली आहे. बाईंना ते फार आवडलेलं दिसलं.

भोपळा आम्ही अर्धा अर्धा केला. एक तुकडा जरा मोठा झाला.

"मोठा तुम्ही घ्या," बाई म्हणाल्या.

"नको. मला एकट्याला संपत नाही."

"मलाही नाही संपत," त्या म्हणाल्या, आणि मोठा तुकडा आपल्या पिशवीत टाकला. "बरं, येते मी."

"सावकाश जा, बाई. पुढे रस्ता खणलाय."

"हो, पाहिला येताना. तुम्हीही जपून."